डबल बेल झाल्याशिवाय

गाडीच्या टपावर सामान साठतं, तसे आमच्याकडे किस्से साठतात. चढवायला सगळे हात लावतात, उतरवून घ्यायला मात्र कोणी येत नाही! मी बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. शेख चाचा मेकॅनिक, पगारे मामा ड्रायव्हर आणि खैरनार कंडक्टर. आता चौघंही रिटायर. नाशकात एका जुन्या वर्कशॉपच्या शेडमध्ये बसगाड्यांचं संग्रहालय उघडलं, तेव्हा चाचांनी आणि मी ठरवलं की एका रविवारी चौघांनी जायचंच.

अडचण एकच होती. पगारे आणि खैरनार तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणून आम्ही एकाला सांगितलंच नाही की दुसराही येतोय!

*

भांडणाचं कारण ऐका. खैरनारांची नोकरीतली शेवटची फेरी, वणी ते नाशिक. ते वणीला चहाला उतरले. एका घाईतल्या प्रवाशाने घंटीची दोरी दोनदा ओढली. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मामांनी गाडी काढली. दिंडोरी आली तरी दार उघडायला कोणी उठेना, तेव्हा कळलं की गाडीत कंडक्टरच नाही!

खैरनार टोमॅटोच्या टेम्पोत बसून डेपोत पोचले. सत्काराचा हार तयार होता आणि सगळे पोट धरून हसत होते. मीसुद्धा हसले, आता वाईट वाटतं. खैरनार सटाण्याकडचे, अहिराणी बोलणारे; 'मन्ही' म्हणजे माझी, 'शे' म्हणजे आहे. मामांना एवढंच म्हणाले, "वीस वरीस मन्ही घंटी ऐकी, तरी तुले वळखू उनी नही?"

त्यानंतर एक शब्द नाही.

*

संग्रहालयाच्या दारात दोघं समोरासमोर आले. एकाने उजवीकडे बघितलं, दुसऱ्याने डावीकडे. तेवढ्यात तिथल्या गाइड मुलीने सगळ्यांच्या हातात तिकिटं दिली. खैरनारांनी आपलं तिकीट उजेडात धरून उलटसुलट पाहिलं.

"पोरी, याले पंच कुठे शे?"

"काका, इथे पंच करत नाहीत."

"मंग मी विदाउट तिकीट झालो ना!"

माणूस जागचा हलेना. शेवटी तिने काचेच्या कपाटातला जुना पंच बाहेर काढला. खैरनारांनी आपलं तिकीट पंच केलं. मग आमचीही केली. मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन कुटुंबांचीही केली! मामांचं तिकीट तेवढं राहिलं. मामांनी ते घडी करून वरच्या खिशात ठेवलं.

*

आत एक चौकशीची खिडकी उभी केली होती, अगदी माझ्या जुन्या खिडकीसारखीच. सहज बसून बघावं म्हटलं, तर दोन मिनिटांत समोर रांग! एका आजींनी विचारलं, "सुरगाणा गाडी कधी हाय?" जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं, "लागेल आता."

आजी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. अर्ध्या तासाने त्यांचा नातू शोधत आला तर म्हणतात कशा, "थांब की, बाई बोललीय लागंल म्हणून!"

*

गाइड आम्हाला बसच्या सीटचं डिझाइन समजावत होती. पाठ किती कलती, फोम किती जाड. शेख चाचा म्हणाले, "बेटा, ये सब ठीक आहे, पण रुमाल कुठाय?" आणि खिडकीतून आपला रुमाल टाकून त्यांनी जागा धरली. "आधी रुमाल, मग माणूस. हे खरं डिझाइन!"

मग चाचा पाणी प्यायला गेले. परत येऊन बघतात तर शाळेची सहल बसभोवती उभी, आणि गाइड रुमालाकडे बोट दाखवून सांगतेय, "ही जागा धरण्याची पारंपरिक पद्धत." चाचांना तो उचलायचा धीर झाला नाही. रुमाल अजून तिथेच आहे!

*

शेडच्या टोकाला आमच्या वेळची लाल बस होती. इंजिन काढून बाजूला पेटीत मांडलेलं. पगारे मामा ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, ते उठेचनात. संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली.

"काका, उतरता ना?"

"डबल बेल झाल्याबिगर मी काय करणार?"

मुलीने हसत दोरी दोनदा ओढली. मामा म्हणाले, "ही नाही." चाचांनी ओढली. "ही बी नाही." मग मी ओढली. "मॅडम, तुम्ही खिडकीतच बऱ्या!"

खैरनार खाली उभे राहून पेटीतलं इंजिन बघत होते. हा माणूस आता सरळ घरी निघून गेला तर पुन्हा दोघांना एकत्र आणणं आमच्या बापाच्यानं होणार नव्हतं.

खैरनार वर चढले. दार ओढून घेतलं, कडी लावली. आमच्याकडे न बघता दोरी ओढली. एक लांब, एक आखूड.

मामांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग सावकाश मान वळवून मागे बघितलं.

"खैरनार, आत हाय ना रे?"

"शे. चाल."

मामांनी गिअर टाकला. आम्ही सगळ्यांनी दांडे धरले.