मोकळी सोडलेली थाप

हल्ली शिमग्यात सहाणेवर, म्हणजे देवीची पालखी बसते त्या चौथऱ्यावर, जे काही वाजतं त्याला लोक गाणं म्हणतात. म्हणोत बापडे. मी वाघजाईचा गुरव. या देवळात माझी हयात गेली आणि या कानांनी पूर्वीचं ऐकलेलं आहे, म्हणून मला ते गाणं वाटत नाही. पेटी कोकलते, तिच्या मागून चार पोरं धावतात आणि तीन मिनिटांत सगळा कारभार आटोपतो. तीनच मिनिटं का, तर ग्रामोफोनची तबकडी तेवढीच असते. आमच्या पोरांनी मुंबईहून आणलेल्या एका तबकडीवरून एक पद उचललं. त्या तबकडीला चरा पडलेला होता, तिथे सुई अडकून एकच ओळ तीनदा यायची. पोरांनी तेही पाठ केलं! आता देवीच्या पुढ्यात ती ओळ तीनदा म्हणतात आणि लोक माना डोलावतात. मी एकदा सांगून पाहिलं, तर मलाच म्हणाले, "आप्पा, तीच तर त्याची खुबी हाय."

मी कपाळाला हात लावून घरी आलो. खरं म्हणजे हा राग माझ्या तोंडी शोभत नाही. का शोभत नाही ते सांगण्यासाठीच भागोजीची हकिगत लिहितो आहे.

भागोजी आमच्या गावचा मृदुंगी. रत्नागिरीहून देवरूखकडे जाताना डोंगराच्या कुशीत आमचं गाव आहे. तिथे त्याचा भाताचा एक तुकडा, वर नाचणीची वरकस जमीन आणि घरात आज्यापासून चालत आलेला मातीचा मृदुंग. माणूस उंच, हाडकुळा, बोलायला अगदी कंजूष. मृदुंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. आमच्याकडे गहू पिकत नाही. भागोजी खास त्यासाठी देवरूखच्या बाजारातून शेरभर गहू आणायचा. घरात सगळ्यांना नाचणीची भाकरी आणि मृदुंगाला गव्हाची कणीक. त्याची बायको राही म्हणायची, "आमच्या घरात जावयाचा मान त्या मडक्याला हाय." म्हणायची, पण कणीक तीच मळून द्यायची.

शिमग्यात खेळे, म्हणजे घरोघर फिरून खेळ करणारी मंडळी, निघतात, त्यांचा खेळ सुरू होण्याआधी नमन असतं. आधी धरतीला, मग पाण्याला, मग गावाच्या चारी सीमांना, मग एकेका वाडीच्या देवाला आणि शेवटी पूर्वी मृदुंग वाजवून गेलेल्या सगळ्यांना. गाणारे गात आणि भागोजी वाजवी. सगळं मिळून अडीच तास लागत. लहान पोरं झोपून जायची. भागोजी म्हणे, झोपू द्यात, झोपलेल्यालाही नमन पोचतं. सुरुवात करण्याआधी तो गाणाऱ्याला विचारायचा, "आज तुजा गळा कुटं हाय, सांग." गाणारा आ करून स्वर लावी आणि भागोजी त्या दिवशीच्या त्या गळ्याला मृदुंग लावून घेई. कुणाला पडसं असलं तर मृदुंग खाली उतरायचा. माणसाकडे बघून वाद्य लागायचं, असे ते दिवस होते.

चोवीस सालचा शिमगा मला काल झाल्यासारखा आठवतो. खेळे चालत चालत खाली समुद्रकाठच्या मिऱ्या गावापर्यंत गेले होते, मीही बरोबर होतो. तिथे एका मच्छीमाराच्या अंगणात नमन लागलं. ज्या घरी नमन, त्या घरधन्याचं नाव त्यात घ्यायचं अशी रीत आहे. त्या घरचा धनी धाकू आदल्या साली मचव्यावर गेला तो परतलाच नव्हता. नाव घ्यायची वेळ आली तशी त्याची बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नाव माज्या धन्याचंच घ्या. दुसरा धनी या घराला न्हाय." गाणारे गडबडले. नमनात मेलेल्या घरधन्याचं नाव घेत नाहीत. सगळे भागोजीकडे बघायला लागले. त्याने मान हलवली, घ्या म्हणून. गाणाऱ्याने धाकूचं नाव घेतलं आणि त्या नावावर जी थाप पडायची, ती भागोजीने वाजवलीच नाही. हात वर उचललेला तसाच ठेवला. एवढ्याशा त्या जागेत खालचा समुद्र ऐकू आला. मग पुढची थाप अशी पडली की माझ्या अंगावर काटा आला. बाई रडली नाही. आत गेली आणि ओंजळीत नारळ घेऊन बाहेर आली.

मी पुष्कळ ऐकलं आहे. त्या न वाजवलेल्या थापेएवढं चांगलं मी काही ऐकलेलं नाही.

पुढे दहा वर्षांनी, चौतीसच्या शिमग्याला, शिवा पेटी घेऊन आला. शिवा आमच्याच गावचा, परळला गिरणीत साचेवाला. पोरगा वाईट नव्हे. आगबोटीने रत्नागिरी बंदरात उतरला आणि तिथून पेटी डोक्यावर घेऊन पायी आला. बरोबर ग्रामोफोन, तबकड्या आणि त्याच्यासारखे सहा-सात जण. मुंबईत तेव्हा बोलपट सुरू झाले होते. सगळ्यांच्या ओठांवर तीच पदं. गावातल्या बायाबापड्या ग्रामोफोनभोवती बसल्या त्या उठायलाच तयार नाहीत. माझ्या स्वतःच्या घरात दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बायकोला त्यातलंच एक पद गुणगुणताना ऐकलं, तेव्हा मी जेवणावरून उठलो.

पेटीला भागोजीचा पहिला आक्षेप फार साधा होता. तो म्हणाला, "हिला गळा कुटं हाय ते इचारता येत न्हाय. ही आपली जागा सोडीत न्हाय, मानसानंच हिच्या दारात जायचं." पोरं हसली. शिवाने समजुतीचं सांगितलं, "भागोजीबाबा, तुमी अर्धा तास नमन करा. मग आमी पेटी काढतो. दोगांचंबी हुईल."

गावच्या मानकऱ्यांना ते पटलं. मलाही, आता खोटं कशाला बोलू, पटलं. भागोजी मात्र म्हणाला, "अर्धा तास मंजे कुनाला नमस्कार करू आनि कुनाला वगळू? कुटली सीमा सोडू, तूच सांग."

शब्दाने शब्द वाढला. एक पोरगा बोलून गेला की अडीच तास ते नमन कोण ऐकतो, बाया आमच्यासाठी बसतात. भागोजी उठला आणि म्हणाला, "ऐकनारी वर बसली हाय. तिलाच इचारा. कौल लावा."

इथे तो चुकला. कौल लावू नये असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण कौल मागितला की गुरवाला नाही म्हणता येत नाही.

आमच्या देवीचा कौल असा असतो. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर तगरीचा एकेक कळा, म्हणजे टपोरी कळी, पाण्याने ओला करून चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवा कळा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. लग्न, बांधाचे तंटे, विहीर कुठे खणायची, सगळं गाव त्यावर चालतं. त्या सकाळी सगळे देवळात जमले. मी गाऱ्हाणं घातलं की, सहाणेवर पूर्वीप्रमाणे मृदुंगाचंच पुरं नमन हवं असेल तर उजवा दे, पेटी चालत असेल तर डावा दे. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

भागोजी माझ्या मागे हात जोडून उभा होता. त्याच्या तोंडावर काळजीचा मागमूस नव्हता. चाळीस वर्षं जिच्यापुढे वाजवलं ती आपल्याला ओळखते, एवढाच भाव. ते तोंड बघून माझा धीर सुटला. तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते मी केलं. डावा कळा नुसत्या पाण्याने न लावता बोटावरच्या गंधात बुडवून लावला. गंधाने तो घट्ट बसेल, मग आधी उजवाच पडेल, असा माझा हिशेब.

आम्ही बघत उभे राहिलो. डावा कळा हलला, खांद्यावरून पांढरी रेघ ओढत खाली घसरला आणि पायाशी पडला. उजवा जागच्या जागी होता.

शिवाच पुढे आला. त्याचं तोंड उतरलं होतं. म्हणाला, "बाबा, कौल ऱ्हाऊ द्या. तुमी वाजवा. आमी ऐकतो."

भागोजीने देवीला दंडवत घातलं. उठून म्हणाला, "देवीपरीस तू मोटा काय रं?" आणि पायऱ्या उतरून घरी गेला.

सगळे गेल्यावर मी तो कळा उचलला. गंध पातळ होतं, सकाळी घाईत उगाळलेलं. घट्ट गंध धरून ठेवतं, पातळ गंध ओघळतं आणि कळ्याला घेऊन घसरतं. हे गुरवाच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या क्षणी सुचलं नाही. म्हणजे तो कौल देवीचा होता की माझ्या गंधाचा, हे मला आजतागायत माहीत नाही. मी तेव्हाच हाक मारून सांगितलं असतं की कळ्याला गंध लागलं होतं, तर तो कौल बाद होऊन पुन्हा लावता आला असता. मी बोललो नाही. बोललो असतो तर गावाने विचारलं असतं, याआधी किती वेळा लावलंस? याच हातांच्या कौलावर कुणाकुणाची लग्नं मोडली होती, कुणाकुणाचे बांध सरकले होते. माझं गुरवपण गेलं असतं. मी भ्यालो, दुसरं काही नाही.

त्या शिमग्यापासून सहाणेवर पेटी आली ती कायमची. पहिल्या साली पोरांनी दोन ओळींचं नमन म्हटलं. पुढच्या साली तेही विसरले. आता धरतीला, पाण्याला, सीमांना कुणी विचारत नाही. कुठल्याशा नायिकेच्या विरहाचं पद पालखीपुढे होतं आणि लोकांना ते आवडतं. मला यातली खरी जाळणारी गोष्ट हीच आहे की त्यांना ते मनापासून आवडतं.

भागोजी भांडला नाही. शिमग्यात येऊन मागे बसायचा आणि बोटं गुडघ्यावर निपचित ठेवायचा. राहीने एकदा मृदुंग खाली काढून कणीक मळू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "देवीला नको झालाय तो." पुढे पावसाळ्यात चामडं कुजलं. राहीने ते काढून टाकलं आणि आता त्या मातीच्या पोकळ खोडात नाचणीचं बियाणं ठेवते.

पण त्याच्या डोक्यात एक किडा शिरला होता. देवी उगाच डावा देणार नाही, तेव्हा आपल्या हातून कधीतरी काहीतरी चुकलं असलं पाहिजे. पाणवठ्यावर, बांधावर, जिथे भेटेल तिथे मला गाठून विचारायचा, "आप्पा, माज्या हातून कंदी काय चुकलं, तुला आटवतं?" चाळीस वर्षांचे शिमगे तो एकेक करून मनात वाजवून बघत होता. एवढा जीव लावून मी माझी पापंही कधी आठवली नाहीत. मी म्हणायचो, "काही चुकलं नाही रे, सोड." तो मान हलवून पुढे जायचा.

अडतीसच्या मार्गशीर्षात, भर दुपारी तो देवळात आला. छातीत कफ भरलेला. खांबाला टेकून बसला. दम खाल्ल्यावर म्हणाला, "सापडलं, आप्पा."

"काय?"

"मिऱ्याला. त्या बायच्या घरात. देवीच्या नमनात मी मेलेल्या धन्याचं नाव घेऊ दिलं आनि तितं थाप सोडली. देवीची थाप मी मानसासाटी मोकळी ठेवली. तीच चूक. व्हय ना?"

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तुझी चूक नव्हे, माझं गंध पातळ होतं. देवळात आम्ही दोघंच होतो, तो कुणाला सांगणाराही नव्हता. पण मी खाली फरशीकडे बघत बसलो. माझ्या गप्प बसण्याचा त्याने होकार धरला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क बरं वाटलेलं दिसलं.

"मंग गाऱ्हानं घाल," तो म्हणाला. "माज्या नावानं माफी माग. मंजे मी जायला मोकळा."

मी उठलो. हात जोडले आणि देवीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं: म्हाराजा, तुझ्या लेकराने मिऱ्याच्या अंगणात एक थाप मोकळी सोडली, ती चूक पोटात घाल. एरवी गाऱ्हाण्याला सगळं गाव होकार भरतं. त्या दुपारी देवळात दुसरं कुणी नव्हतं. मागून खोकत खोकत भागोजीच म्हणाला, "व्हय म्हाराजा."