पोटातला वाटा

लाँड्रीत त्याला सगळे पावशेर म्हणत. नव्या माणसाला वाटे, गडी पिणारा दिसतोय. हा बापडा तर चहासुद्धा बिनसाखरेचा घेणारा, आणि तोही तोंड वाकडं करून. नाव पडलं होतं जन्माच्या दिवशी. जुळ्यांतला पहिला गुबगुबीत निघाला आणि त्याच्यामागून हा आला, सुईणीच्या ओंजळीत मावेल एवढा. "हे तर पावशेरच आहे," ती म्हणाली आणि ते चिकटलं. आता चाळिशी उलटली, पोट पुढे आलं, मान खांद्यात बुडाली, तरी पावशेर तो पावशेरच. लोक हसत. पूर्वी तोही हसे, हल्ली तेवढंही त्राण नसे.

काम वाफेच्या प्रेसपुढचं. चादरी, डॉक्टरांचे कोट, कुणाच्या तरी लग्नाचा सूट. पेडल दाबलं की वाफेचा भपकारा तोंडावर. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतलेला असे. सुजेवर बोट दाबलं की खळगा पडे, आणि भरून यायला वेळ घेई. बायको ते बघे आणि काही बोलत नसे. बोलून बोलून तीही दमली होती.

रक्तदाब तिशीतच लागला, साखर त्याच्या पाठोपाठ आली. एका डॉक्टरने जिभेला लगाम घाला म्हणून झापलं. दुसऱ्याने रोज चाला म्हटलं. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला हे सांगायला काय जातं! त्याने गोड सोडलं, तळलेलं सोडलं, मीठ कमी केलं, तरी आकडे काही हलेनात. आणि जुळा भाऊ, ज्याला तो दादा म्हणे, टेम्पो चालवी, विड्या फुंके, वेळीअवेळी मिळेल ते चापी, आणि तरीही ठणठणीत. देवाघरी न्याय आहे म्हणणाऱ्याने या दोघांना एकदा शेजारी उभं करून बघावं.

आईचा न्याय मात्र पक्का होता. दादाने पोटात असताना धाकट्याच्या वाटचं खाल्लं, तेव्हा बाहेर आल्यावर परत करायचं. दोघं पाटावर बसायला लागले तेव्हापासून नियम असा, की दादाने आपल्या ताटातला पहिला घास पावशेरच्या ताटात ठेवायचा आणि मगच स्वतः जेवायचं. दुधावरची सायही धाकट्याचीच. पावशेर पुरे म्हणाला की आई म्हणे, खा, तुझाच आहे. बघता बघता तो असा काही भरला की शेजारणी बघायला येत, आणि आईला आभाळ ठेंगणं होई. दादाने कधी कुरकुर केली नाही. पाळण्यातच चोर ठरलेल्याने कुरकुरायचं तरी कुठल्या तोंडाने? लग्नं झाली, संसार वेगळे झाले, पण रविवारी दोघं आईकडे जेवायला बसले की दादाचा हात आपोआप भावाच्या ताटाकडे जाई.

मग मूत्रपिंडं कुरकुरू लागली. दादानेच टेम्पोत घालून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि स्वतः बाहेर थांबला. आतल्या डॉक्टरीणबाईंनी आजवर कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं: जन्मलात तेव्हा वजन किती होतं? पावशेरने आपलं नाव सांगितलं आणि ते कसं पडलं तेही सांगितलं. जेवणाचा नियमही सांगून टाकला, का कोण जाणे.

बाईंनी शांतपणे समजावलं. आईकडून बाळाला पोषण पोचतं ते वारेतून, बाळाची नाळ जिला जोडलेली असते तिच्यातून. जुळ्यांत कधी कधी एकाच्या वाट्याला वारेचा चांगला भाग येतो आणि दुसऱ्याला कमी पोचतं. ज्याला कमी पोचतं त्याचं शरीर टंचाईतच घडतं. मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या कमी तयार होतात, त्या पुन्हा कधी वाढत नाहीत. अंगाला साठवून ठेवायची सवय लागते. अशा मुलाला लहानपणी भराभर फुगवलं, तर पुढे रक्तदाबाचा आणि साखरेचा धोका आणखी वाढतो. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, त्या म्हणाल्या, आणि यात दोष कुणाचाच नाही.

पावशेरने एवढंच विचारलं, "म्हणजे दादाने माझं खाल्लं नव्हतं?"

"पोटात कुणी कुणाचं खात नाही हो," बाई म्हणाल्या.

टेम्पोत दादाने काय झालं म्हणून विचारलं. मीठ आणखी कमी कर म्हणाल्या, असं पावशेरने सांगितलं. दादाने गिअर बदलला. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "लागलीच तर माझी एक किडनी घे. तसंही तुझंच खाऊन झालीय ती."

पावशेर खिडकीबाहेर बघत राहिला. आठवडाभर वाफेत उभा राहून तो एकच विचार करत होता. सगळं सांगावं, तर आपण प्रेमाने काय भरवलं हे या वयात आईला कळणार, आणि ते तिला सोसायचं नाही. काहीच न सांगावं, तर दादा मरेपर्यंत चोर राहणार. विचार करूनही माणूस थकतो, हे तेव्हा त्याला कळलं.

रविवारी ताटं वाढली. आई समोर बसून दोघांकडे बघत होती. दादाने पहिला घास उचलला आणि सवयीने हात पुढे केला. पावशेरने आपल्या ताटावर हात आडवा धरला.

"राहू दे दादा. आई, त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याने पोटात माझं काही खाल्लं नव्हतं. मला वारेतूनच कमी पोचत होतं. याच्यामुळे नव्हे."

आईने पावशेरकडे पाहिलं, मग दादाकडे. "असं म्हणाल्या?"

"हो."

"आणखी काय म्हणाल्या?"

"आणखी काही नाही," पावशेर म्हणाला.

आईने पदराने तोंड पुसलं. दादाला जेव म्हणाली. दादा मात्र हातातला घास तसाच धरून बसला होता. तो आपल्या तोंडात घालायचा, हे त्याला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.