आधी आडोसा, मग चौकशी

शहरातून निघालेली बस वखारी, टायरची दुकाने आणि नव्या इमारती मागे टाकत शेवटच्या थांब्यावर येऊन उभी राहते. तिथून पुढे चढ लागतो आणि चढावर आमची वस्ती आहे. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला दगडाची जुनी खाण. खाण बंद पडल्यावर तिच्यात पाणी साचले. बाहेरचे लोक आता तिला तलाव म्हणतात, आम्ही अजून खाणच म्हणतो. घरे पंचेचाळीस, सगळी एकाच गल्लीच्या दोन्ही अंगांना आणि बहुतेक खाणीतल्याच दगडाची. दगड फुकट मिळाला, जागा मिळाली नाही, म्हणून खोल्या लहान आणि भिंती जाड.

इतिहास फार जुना नाही. एका ठेकेदाराने खाण उघडली, ठिकठिकाणचे मजूर आणून उतारावर बसवले आणि त्यांतले निम्मे परत गेलेच नाहीत. तेव्हा वस्तीत तीनशेच्या वर माणसे होती. मग शहर वाढत वाढत जवळ आले, सुरुंगांनी तिकडच्या काचा तडकू लागल्या आणि खाणीला टाळे लागले. तरुण मंडळी कामामागे गेली. आता दीडशे माणसे उरली आहेत, त्यांतही भाडेकरू बरेच. मी ठेकेदाराच्या कचेरीत हिशेब लिहायला आलो होतो. नोकरी पुढे शहरात धरली, घर मात्र हलवले नाही.

वस्तीतले सगळ्यांत जुने रहिवासी म्हणजे बत्तीदादा. सुरुंगाच्या वातीला बत्ती द्यायची हे त्यांचे काम, म्हणून हे नाव पडले. त्या कामात त्यांचा उजवा कान पार गेला आणि डावा नावापुरता राहिला. तसे इथल्या म्हाताऱ्यांत धड कानाचे कमीच. खडी फोडणाऱ्या यंत्राच्या घरघरीत कुणाचेच कुणाला ऐकू जात नसे, त्यामुळे वस्तीने हातांनी बोलायची सवय लावून घेतली. मूठ गोल फिरवली की बस आली. ओंजळ दाखवली की नळाला पाणी आले. नाक चिमटीत धरले की ठेकेदार आला. आणि दोन्ही हात डोक्यावर उंच धरून डावीकडे-उजवीकडे झुलवले की सुरुंगाला बत्ती दिली. ही शेवटची खूण दिसली की जो ती पाहील त्याने ती पुढे द्यायची आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या जाड भिंतीमागे जाऊन बसायचे. विचारायचे काही नाही. आधी आडोसा, मग चौकशी, हे इथल्या पोरांना बोलण्याआधी शिकवले जाई.

बत्तीदादांची एकुलती एक लेक शहरात असते. औषधांच्या कारखान्यात कामाला. तिला मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा बाळाला दिवसा सांभाळायचे कुणी, हा प्रश्न आला. लेकीचे म्हणणे, आईबाबांकडे ठेवू. जावई तयार नव्हता, त्याला पाळणाघर बरे वाटत होते. तो लिफ्टच्या दुरुस्तीचे काम करतो. कुठे काय बिघडू शकेल हे शोधण्यातच त्याचा दिवस जातो.

"बाबांना दारावरची हाक ऐकू येत नाही. मुलगी रडली तर?" तो माझ्यासमोरच म्हणाला.

"मग मी काय खुंटीला टांगलेय?" वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, म्हणाल्या.

"तसं नाही, आई. तुम्ही दुकानात जाता, पाण्याला जाता. तेवढ्या वेळात काय झालं तर?"

दादांनी वहिनींकडे पाहिले. "काय म्हणतायत जावईबापू?"

वहिनींनी कानाला हात लावला, मग डोळे पुसल्यासारखे केले.

"हात्तिच्या! रडलेली दिसते की! तोंड उघडलं की आत कंदील मावेल एवढं उघडतं पोरीचं."

शेवटी एक आठवडा ठेवून बघू, असे ठरले. दादांनी तंबाखू सोडली. आयुष्यभर कानीकपाळी ओरडून वहिनींना जे जमले नाही ते एका रात्रीत झाले. त्यांनी नखे कापली, पाळण्याच्या दोऱ्या स्वतः ओढून पाहिल्या आणि पाळणा मागच्या पडवीत टांगला, कारण तिथे उजेड चांगला. त्याच्यासमोर स्टूल टाकून ते दिवसभर बसत. चहाच्या टपरीवर त्यांची जागा रिकामी दिसू लागली. "नात आहे का तिजोरी?" असे मी एकदा विचारले. त्यांना ऐकू आले नाही, किंवा आले असेल.

आठवड्याच्या शेवटी जावई न कळवता दुपारीच आला. वहिनी साबण आणायला गेल्या होत्या. त्याने दार वाजवले, हाका मारल्या, कडी आपटली. आतून उत्तर नाही. दादा मागच्या पडवीत, दाराकडे पाठ करून. जावयाचा चेहरा उतरला. बायकोला फोन करून आत्ताच्या आत्ता सांगावे म्हणून तो चढाच्या वळणावर गेला. फोनला रेंज नव्हती. त्याने फोन दोन्ही हातांत धरून डोक्यावर उंच नेला आणि रेंज शोधत डावीकडे-उजवीकडे फिरवू लागला.

समोरच्या खिडकीत शिवणकाम करणारी ताई मशीनवर बसली होती. तिने वर पाहिले आणि मशीन तसेच टाकून उठली. तिने गिरणीवाल्याला खूण केली, गिरणीवाल्याने मागच्या पडव्यांकडे. मी चादर वाळत घालत होतो. चादर खांद्यावर तशीच ठेवून मीही पळालो. भाड्याने राहणारी नर्स ओल्या केसांनी धावत होती.

भिंतीमागे सगळे दाटीने बसलो, तेव्हा चौकशी सुरू झाली.

"बत्ती दिली कुणी?"

"खाण बंद आहे ना गं?"

"मग तू कशाला पळालास?"

"तू पळालीस म्हणून!"

एवढ्यात जावई धापा टाकत आला. कुठे आग लागली असे त्याला वाटले होते.

"काय झालं? माझी मुलगी कुठाय?"

"अहो, तुम्हीच तर वळणावरून खूण केलीत!" ताई म्हणाली.

"मी? मी रेंज बघत होतो!"

भिंतीमागे जो हशा उठला, त्यात फक्त बत्तीदादा नव्हते. ते कोपऱ्यात उकिडवे बसले होते. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली नात, सदऱ्याच्या खिशात दुधाची बाटली, आणि त्यांचे दोन्ही तळवे नातीच्या दोन्ही कानांवर गच्च. पोरगी जागी होती आणि त्यांच्या नाकाकडे बघत होती. जावयाने खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी मान हलवली.

"अजून उडालेला नाही. थांबा."

वहिनी साबणासकट तिथेच आल्या होत्या. त्यांनी खुणांनी काय घडले ते सांगितले. दादांनी नातीच्या कानांवरचे हात काढले आणि ती जावयाच्या हातात दिली.

"खाण बंद होऊन जमाना झाला आणि मी पोरीला घेऊन पळतोय. तुमचंच बरोबर आहे, जावईबापू. पाळणाघरातच ठेवा तिला."

जावयाने दादांच्या खिशातल्या बाटलीकडे पाहिले. मग वहिनींना म्हणाला, "आई, मी लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढतो. माणसं आधी पिशवी सांभाळतात, मग पोर. यांनी आधी पोरगी उचलली, तिचे कान झाकले. बाटलीसुद्धा विसरले नाहीत."

"अहो, पण दार?" वहिनींच्या तोंडून निघून गेले.

"दाराचं मी बघतो. सोमवारपासून इथेच राहू दे तिला."

"काय म्हणतायत?" दादांनी विचारले. वहिनींनी दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला. दादांनी मान खाली घातली आणि बराच वेळ दुपट्याचे टोक सारखे करत बसले.

रविवारी जावई अवजारांची पेटी घेऊन आला. दारावर घंटेचे बटण आणि मागच्या पडवीत, दादांच्या स्टुलासमोर, त्याला जोडलेला दिवा. पोरगी रडताना ज्याला ऐकू येईल त्याने बटण दाबायचे, हे त्याने शेजारी घरोघर जाऊन सांगितले. मग दादांना स्टुलावर बसवून स्वतः बाहेर जाऊन बटण दाबले. आत येऊन मोठ्याने विचारले, "दिसला का?"

"दिसला. पण फार भगभगीत आहे," दादा म्हणाले. "पोरगी उठेल."

जावयाने शिडी पुन्हा लावली आणि बल्ब बदलला.