घरजावयाचा पणतू

माझ्या मुलाच्या लग्नाला त्याच्या कंपनीतला मलेशियाचा दोस्त देवळाली प्रवऱ्याजवळच्या आमच्या गावी आला. चेहरा चिनी, म्हणून आमच्या माजी सरपंचांनी मांडवातच त्याला धारेवर धरलं. "तुमचा चीन सगळीकडं घुसतोय, हे बरं न्हाई!" मध्ये दुभाष्या मी.

तो हसून म्हणाला, "मी चीन पाहिलेलासुद्धा नाही. माझे पणजोबा मलेशियात आले. चीन आम्हाला आपलं म्हणतो, आणि निवडणूक आली की आमचेच पुढारी आम्हाला 'चीनला परत जा' म्हणतात. आमच्यातला पंतप्रधान अजून झालेला नाही."

सरपंच कळवळले. "चार पिढ्या झाल्या तरी परके? काय मानसं म्हनायची! आमच्याकडं असलं न्हाई. आता हेच बघा," माझीच जिलबी खात त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "ह्यांचे पनजोबा इथं घरजावई म्हनून आले. आमी कधी भेद केला? फक्त सरपंचकीला तेवढं हुभं ऱ्हाऊ देत न्हाई. बाहेरचे ना!"

हेही इंग्रजीत मलाच सांगावं लागलं. दात-ओठ खात सांगितलं.

पाहुण्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळूच विचारलं, "तुम्हाला कुठे परत जा म्हणतात?"

"श्रीरामपूरला," मी म्हणालो. "एसटीनं अर्धा तास."