गरीब दिसेल असा फोटो

"यात गरिबी दिसत नाहीये," मिस म्हणाल्या.

वर्गातल्या पडद्यावर माझी आई होती. भिंतीएवढी. मरून रंगाची साडी, केसांत अबोलीचा गजरा, कपाळावर मोठं कुंकू. दोन्ही हात अंगाला चिकटवून ताठ उभी. फोटोत असंच उभं राहायचं असतं हे तिला पक्कं माहीत होतं. तोंड मिटून हसत होती.

"आंटी लग्नाला चालल्यात का?" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मिसही हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "हसू नका. नीट विचार करा. हा फोटो बघून डोनर पैसे देईल का? तो आतून हलला पाहिजे." मग माझ्याकडे वळल्या. अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बेटा, परत काढ. गरीब दिसेल असा काढ."

मी काय केलं? मीही हसले. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढ्याच मोठ्याने. ते हसणं मला अजून पचलेलं नाही.

मी नववीत होते. शाळा मीरा रोडची, इंग्रजी माध्यमाची. आमचं घर चेण्याला, घोडबंदर रस्त्यावरून आत, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर. आम्ही आदिवासी. पंचवीस टक्के राखीव जागांमधून मला पहिलीत प्रवेश मिळाला होता. मुलं आम्हाला पंचवीसवाले म्हणायची. कायद्याची ती सोय आठवीपर्यंतच होती. पुढची फी मॅनेजमेंटने माफ केली, आणि ती माफ केलीय याची आठवण मला कोणी ना कोणी करून द्यायचंच.

नववीपासून एक ऐच्छिक विषय घ्यावा लागायचा. मी मार्केटिंग आणि डिजिटल मीडिया घेतला, कारण त्या तासाला कॉम्प्युटरला हात लावायला मिळायचा. आणि खोटं कशाला बोलू, मला तो विषय फार आवडला. कुठला रंग कशाशेजारी ठेवायचा, कुठलं वाक्य कुठे बसेल, यात माझा तासच्या तास जायचा. हिची नजर चांगली आहे, असं मिस एकदा म्हणाल्या. ते मी आईला घरी जाऊन चारदा सांगितलं होतं.

वर्षाचा प्रोजेक्ट होता एका गरजू वस्तीसाठी मोहीम चालवायची. पोस्टर, छोटा व्हिडिओ, शेवटी परीक्षकांसमोर सादरीकरण. आमच्या गटाची लीडर अनन्या. अनन्या वाईट मुलगी नव्हती. डबा वाटून खायची, माझी चौकशी करायची. तिनेच म्हटलं, "अगं, तुझ्याकडे तर ॲक्सेस आहे." बाकीच्या गटांना वस्ती शोधावी लागणार होती. मी तर वस्तीतच राहत होते. त्यांच्याकडे नाही आणि माझ्याकडे आहे असं पहिल्यांदाच काहीतरी निघालं. माझी मान ताठ झाली होती त्या दिवशी.

आई हायवेवरच्या एका हॉटेलात तांदळाच्या भाकऱ्या थापायची. हॉटेलच्या दारातच चूल, येणाऱ्या गिऱ्हाईकाला दिसेल अशी. मुंबईकडून येणारे लोक गाडी थांबवून म्हणायचे, मावशींच्या हातचीच द्या. आम्ही गरीब होतो, ते मी नाकारत नाही. पण आमच्या घरात भाकरी नाही असं कधी झालं नव्हतं.

रविवारी फोटो परत काढायला अनन्या आणि गटातले दोघं गाडीने आमच्याकडे आले. आदल्या रात्री मी आईला सांगून ठेवलं होतं, जुनी साडी नेस, गजरा नको. ती म्हणाली, "फोटोला जुनी साडी? लोकं काय बोलतील?" मी म्हटलं, शाळेत तशीच लागते. शाळेचं नाव काढलं की आई पुढे बोलायची नाही.

पोरं येणार म्हणून तिने सकाळीच भाकऱ्या करून ठेवल्या होत्या, सोबत जवळ्याचं सुकं. टोपली चुलीशेजारी झाकून ठेवलेली. अनन्याने मोबाइलमधून बघितलं आणि म्हणाली, "ती टोपली फ्रेममध्ये नको. भांडी पण रिकामी हवीत."

टोपली मी उचलली. दुसऱ्या कोणी नाही, मी. टोपातली आमटी दुसऱ्या भांड्यात ओतली आणि तो रिकामा टोप आईसमोर ठेवला. तिची वेणी सोडली. फोटो मीच काढायचा होता, माझी नजर चांगली ना.

"आई, हसू नकोस."

"मी कुटं हसते?" ती हसतच म्हणाली.

पुन्हा सांगितलं. तिने तोंड गंभीर केलं, आणि पुन्हा ओठांच्या कडेला हसू आलं. घरी पाहुणे आलेत, लेकीचे मित्र आलेत, बाईला हसू आवरेना. ते तिघं घड्याळ बघत होते. मी तिच्या अंगावर खेकसले, "तुला एकदा सांगितलेलं कळत नाही का? अडाणी आहेस का?"

त्या पोरांसमोर म्हणाले मी हे. तिचा चेहरा पडला. डोळे खाली गेले. मी तेव्हाच बटण दाबलं.

"परफेक्ट," अनन्या म्हणाली. मग सगळ्यांनी बसून भाकऱ्या खाल्ल्या. आंटी, काय सॉफ्ट आहेत, म्हणत दोन-दोन घेतल्या. आई वाढत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

फोटोखालच्या इंग्रजी ओळीही मीच लिहिल्या. मराठीत सांगायच्या तर अशा: 'ही आई आज पुन्हा उपाशी झोपेल. हिच्या मुलीने अजून एकही स्वप्न पाहिलेलं नाही. तिच्यासाठी तुम्ही पाहाल का?' मिसनी मला जवळ घेतलं. त्या ओळीतली मुलगी म्हणजे मीच, हे मला कळत होतं. कळत होतं आणि मार्क दिसत होते.

सादरीकरणाच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. बोलावणं सगळ्यांना गेलं, तसं आईलाही गेलं. ती येईल असं मला वाटलंच नव्हतं. हॉटेलातून सुट्टी घेऊन, काशीमीऱ्याला बस बदलून ती आली. मरून साडी नेसून आली. फाटकातून शिरताच समोर तिचाच फ्लेक्स, आठ फूट उंच.

आई बघत उभी राहिली. आमच्याकडे फ्लेक्सवर फोटो लागतो तो नगरसेवकाचा, नाहीतर वाढदिवस असलेल्या एखाद्या दादाचा. "केवडा मोठा केलाय," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "खाली काय लिवलाय गो?"

मी म्हटलं, "लिहिलंय की या बाईच्या हातची भाकरी खायला लोक लांबून येतात."

ती इतकी खूश झाली की मला बघवेना. शेजारी एक बाई उभ्या होत्या, कोणाची तरी आई. त्यांना तिने सांगितलं, "मीच हाय ती." त्या बाईंनी फ्लेक्सकडे पाहिलं, तिच्या साडीकडे पाहिलं आणि मिसकडे जाऊन काहीतरी कुजबुजल्या.

मिस तरातरा माझ्याकडे आल्या. आवाज खालीच होता. "मम्मीला मागच्या जिन्याकडे घेऊन जा. परीक्षक येतायत. त्यांनी या साडीत बघितलं तर सगळं फेक वाटेल." मी जागची हलले नाही. त्या म्हणाल्या, "तुझ्या फीचा विषय मॅनेजमेंटसमोर जायचाय, ते लक्षात ठेव."

मी आईचा हात धरून तिला मागे नेलं. जिन्याखाली, पाण्याच्या कूलरजवळ. ती निमूट आली. तिथे उभं राहून विचारते, "माजा काय चुकला का गो?"

तिचं चुकलं असं जगात काहीच नव्हतं. आणि ती ओशाळून पदर सारखा करत होती. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "तुझं नाही, माझं चुकलंय." आणि मी तिला खरं वाचून दाखवलं. फ्लेक्स समोर नव्हता, पण ओळी माझ्याच होत्या, पाठ होत्या. एकेक ओळ आमच्या बोलीत सांगितली. उपाशी. स्वप्न नाही. सगळं.

आईचा पदरावरचा हात थांबला. मग म्हणाली, "भाकऱ्या तर खाऊन गेली ना ती पोरं?"

मी तिला परत पुढे घेऊन आले. परीक्षक फ्लेक्ससमोर उभे होते, अनन्या बोलत होती. मी मध्येच म्हटलं, मराठीत म्हटलं, "ही माझी आई. हा फोटो मी काढलाय. खाली लिहिलंय ते खोटं आहे. ही रोज लोकांना जेवायला घालते."

मिसचा चेहरा पांढरा पडला. परीक्षकांमध्ये जाहिरात कंपनीतले एक साहेब होते. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे, हे तर जास्त स्ट्राँग आहे. मुलगी स्वतः आईसाठी उभी राहते. हेच कॅम्पेनमध्ये घ्या." आणि खिशातून मोबाइल काढला. "आंटी, जरा फ्लेक्सच्या बाजूला उभ्या राहा."

"न्हाय," आई म्हणाली. एवढंच. तोंड फिरवून उभी राहिली.

मी फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. गाठी सुटेनात, तेव्हा दातांनी सोडल्या. कोणी अडवलं नाही, कोणी मदतही केली नाही. फ्लेक्स गुंडाळून खांद्यावर घेतला आणि आम्ही दोघी फाटकाबाहेर पडलो.

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. घोडबंदरला वळायच्या आधी, वर्सोव्याच्या खाडीपुलाजवळ ट्रक अडकले होते, बस हलत नव्हती. तेव्हा तिने विचारलं, "त्या दिवशी मना अडाणी बोललीस, ता फोटोसाठी?"

मी हो म्हटलं. ती परत खिडकीबाहेर बघू लागली.

पुढच्या वर्षी माझी फी माफ झाली नाही. दहावी मी पालिकेच्या शाळेतून केली. फोटो तर मोहिमेसाठी आधीच इंटरनेटवर चढला होता, तो काढता आला नाही. कधीतरी कोणाच्या तरी मदतीच्या आवाहनासोबत तो अजून दिसतो, दुसऱ्याच गावाचं नाव लावून. आईने त्यानंतर मला तिचा एकही फोटो काढू दिला नाही. मावशीच्या लेकीच्या लग्नात सगळे उभे राहिले, ती भांड्यांकडे निघून गेली. मला अजून माफ केलंय की नाही, ते तिने सांगितलेलं नाही. मी विचारतही नाही. विचारायचं तोंड नाही मला.

आज मी काशीमीरा नाक्याजवळ फ्लेक्स छापायच्या दुकानात डिझाइन करते. शाळेने शिकवलेलं तेवढं उपयोगी पडलं. मागच्या महिन्यात एका संस्थेचा माणूस आला. पाड्यावरच्या एका बाईचा फोटो, कडेवर मूल. खाली इंग्रजी मजकूर, त्यात पाड्याचं नावही. मला म्हणाला, "चेहरा जरा काळवंडून घ्या."

मी विचारलं, "खाली काय लिहिलंय ते हिला माहीत आहे?"

"तिला कुठे वाचता येतं?" तो म्हणाला.

मी फाइल बंद केली. हे मी करणार नाही, असं सांगितलं. दुकानाचा शेठ वैतागला. म्हणाला, तू नाही केलंस तर बाजूचा करेल. बाजूच्याने केलंच, दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला.

सुट्टीच्या दिवशी मी त्या पाड्यावर गेले. विचारत विचारत त्या बाईचं घर काढलं आणि फ्लेक्सवरची प्रत्येक ओळ तिला आमच्या बोलीत वाचून दाखवली. आधी तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिने परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना तिने शेजारणीला हाक मारली.

आता मी हेच करणार आहे. आमच्याबद्दल जे जे आम्हाला न कळणाऱ्या भाषेत लिहिलं जाईल, ते दारोदार जाऊन आमच्या बायकांना वाचून दाखवणार. नोकरी गेली तरी चालेल. गोड करून सांगणार नाही, एकही शब्द गाळणार नाही. त्यांना राग येईपर्यंत वाचणार.