तिसऱ्या शिट्टीला बुडालेला बँड

आमचा प्रायोगिक पॉप बँड अवघं एकच गाणं जगला.

चाकणच्या कंपनीत दिवसभर मशिनींचा खडखडाट ऐकून मला जिथे तिथे ताल ऐकू येऊ लागला होता. मग पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत बँडच काढला! ऑइलच्या रिकाम्या ड्रमवर बबनकाका (आमची इमारत त्यांच्याच जुन्या उसाच्या शेतात उभी आहे), चटणीच्या मिक्सरवर माझा मेहुणा सचिन, आणि मुख्य वाद्यावर, म्हणजे कुकरच्या शिट्टीवर, अर्थातच मी.

कुकर बायकोच्या माहेरचा. मनीषाने अट घातली.

"सोसायटीच्या वर्धापनदिनाला टाळ्या पडल्या, तर कुकर तुझा. नाहीतर कुकर ओट्यावर, आणि रोजचं वरण तू लावायचं."

"अगं, टाळ्यांचा पाऊस पडेल!" मी म्हणालो.

सरावाचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, त्याला चक्क एकोणीस अंगठे आले. आम्ही हवेत! सचिनने तर चाहत्यांसाठी नवीन सही बसवली.

वर्धापनदिनी संध्याकाळी स्टेजवर शेगडी, शेगडीवर कुकर, कुकरसमोर माईक आणि भाड्याचे दोन थोराड स्पीकर, तोंडं इमारतीकडे. नंतर जेवण होतं, प्रत्येक घरातून एक पदार्थ. म्हणजे त्या वेळी घरोघरी कुकर चढलेले होते, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिली शिट्टी. दुसरी. तिसरी! माझ्या अंगावर काटा आला. (माझ्या एकट्याच्याच.) गाणं संपलं आणि टाळ्या न वाजवता लोक थेट ताटांकडे धावले.

पहिल्याच घासाला बटाटा करकरला. डाळ तळाशी, पाणी वर.

"अहो, मी स्वतः तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला!" देशमुखकाकू म्हणाल्या.

"आमच्याकडेही तीनच!"

सगळ्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. मी पाच लिटरच्या कुकरमागे लपायचा प्रयत्न केला.

बबनकाकांनी छोल्यातला एक हरभरा ताटात टाकला. टण्ण!

"आरं, ह्यो बी वाजतोय! घ्या ह्याला माज्या जागी. मी न्हाई आता तुमच्यात."

सचिन तर मिक्सर बगलेत मारून केव्हाच वाकडला पोचला होता.

पातेली वर गेली, कुकर पुन्हा चढले. थोड्या वेळाने एका मजल्यावरून शिट्टी आली, मग दुसऱ्यावरून, मग सगळीकडून एकदम! खाली भुकेल्या माणसांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला.

"पडल्या बरं का टाळ्या," मी मनीषाला म्हणालो.

"पडल्या ना. पण त्यांना."

तेव्हापासून रोजचं वरण मी लावतो. शिट्ट्या मात्र मनीषाच मोजते. त्या बाबतीत माझ्यावर आख्ख्या पुनावळ्यात कुणाचा विश्वास उरलेला नाही.