आत मी, बाहेर कुलूप

चहा गार होऊ देऊ नका, पण हसू जरा शेवटपर्यंत धरून ठेवा. ही फजिती माझी स्वतःची हाय, अन् ती मी इतकं डोकं लावून घडवली की दुसऱ्या कुणाला जमलीच नसती.

निजामी जाऊन तीन-चार वर्सं झाली होती. मी भालकीचा, इंटरला गुलबर्ग्याला, राहायला कॉलेजाच्या वसतिगृहात. जुनी दगडी इमारत, चाळीसेक पोरं. त्या साली तिथं दिवसाढवळ्या चोऱ्या व्हायला लागल्या. आज कुणाचा तांब्या, उद्या कुणाचं धोतर. एक दिवस तर एकाच्या घरनं आलेल्या शेंगापोळ्या डब्यासकट गेल्या. धोतर गेलं तवर ठीक होतं, शेंगापोळ्या गेल्यावर पोरं पेटली. सभा झाली. सभेत मी उभा राहिलो अन् अर्धा घंटा बोललो. खाली बसलो तेव्हा मी वसतिगृहाचा सुरक्षा सेक्रेटरी झालेलो होतो.

आता माझ्या हाती काम आलं की ते अर्धवट राहत न्हाई, हे तुम्ही जाणताच. रेक्टरसाहेबांच्या मागं लागून खिडक्यांना लोखंडी गज बसवून घेतले. नुसत्या गजांचा काय भरोसा? म्हणून खिडक्यांखाली बाभळीचे काटे रचले, हे एवढे. अन् पोरांकडनं नियम तोंडपाठ करून घेतले. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा न्हाई. कुलूप लावलेल्या खोलीतनं आवाज आला तर आत चोर हाय समजायचं. चोर गोड बोलल, मी अमका हाय म्हणल, रडल बी. दार उघडायचं न्हाई. काठी घेऊन उभं राहायचं अन् मला बोलवायचं.

महिनाभर एक तांब्या जागचा हलला न्हाई. मी असा ऐटीत हिंडायचो की रेक्टर कोण अन् मी कोण, नव्या माणसाला कळू नये.

मग आली परीक्षा. शेवटचा पेपर इंग्रजीचा. तो गेला की साल गेलं. वडलांनी, आमच्या अप्पांनी, आधीच बजावलं होतं, "नापास झालास तर सरळ दुकानात यायचं. गुळाच्या ढेपा उचलायला इंटर लागत न्हाई."

पेपर अकराला. अन् सकाळी सातपासून पोरं माझं दार बडवायलेत. नोट्स दे, हे समजावून सांग, ते येईल का. आतनं कडी लावली तरी आत माणूस हाय हे त्यांना कळायचंच. माझ्याच खोलीत शिवप्पा राहायचा. त्याचा बी तोच पेपर. तो वाचायला बाहेर झाडाखाली निघाला होता. त्याला मी म्हणलो, "शिव्या, जाताना बाहेरनं कुलूप लाव. पोरं समजतील खोलीत कुणी न्हाई. दहाला येऊन उघड."

"अन् इसरलो तर?"

"इसरायला तू काय लहान लेकरू हायस?"

शिवप्पा लहान न्हवता, पण भित्रा होता, अन् भ्याला की सगळंच इसरायचा. हे मला दोन वर्सं ठाऊक होतं. तरी बी किल्ली त्याच्या हातात मीच दिली, सांगा आता.

वाचण्यात मी असा गुंगलो की दहा कधी वाजले कळलंच न्हाई. कळलं ते अकराच्या घंटेनं. शिवप्पा किल्ली खिशात घालून परीक्षेच्या हॉलात बसला होता, अन् मी खोलीत. साडेअकरानंतर हॉलात कुणाला घेत न्हवते. डोळ्यांपुढं गुळाच्या ढेपाच दिसायला लागल्या.

दोन्ही हातांनी दार बडवलं. चार दिवस मोठ्यानं पाठांतर करून घसा बसलेला, आवाज असा घोगरा की माझा मलाच वळखू येईना. बाहेर पावलं वाजली. आला तो गुंडप्पा, दुबलगुंडीचा, पहिल्या वर्साचा तालमीतला गडी. माझे नियम सगळ्यात आधी त्यानंच पाठ केले होते.

"कोण हाय रे आत?"

"मी हाय, गुंडप्पा. दार उघड."

"चोर बी असंच म्हणतो. सेक्रेटरी अण्णानं सांगितलंय."

"अरे मीच सेक्रेटरी!"

"अण्णा पेपराला गेलाय. अकरा वाजून गेले. तो काय तुझ्यासारखा हाय व्हय?"

"मागं ये, गजातनं तोंड दाखवतो."

"मागं काटे हायेत. अण्णानंच रचलेत."

मग मी सगळे नियम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, धडाधड म्हणून दाखवले. म्हणलं, आता तरी पटंल. तर हा मागच्या पोरांना सांगायलाय, "बघा, चोर लई तयारी करून आलाय. काठ्या आणा रे."

खरं सांगतो, त्या घडीला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडलो. तर बाहेरनं गुंडप्पा म्हणतोय, "रडायला बी लागला. अण्णा किती हुशार हाय, सगळं आधीच सांगितलं."

तेवढ्यात स्वैपाक करणारी सिद्धव्वा अक्का आली. तिनं जरा कान दिला अन् म्हणली, "कामून छळायलाव त्याला? रोज चौथी भाकरी मागतंय त्येच पोरगं हाय हे. ह्या रडण्याला मी वळखते."

"पण अक्का, किल्ली न्हाई."

"किल्ली कशाला पायजे? हे जुनं दार हाय, खालच्या खोबणीत फिरतंय. पहार घाल अन् वर उचल. चोर काय कुलपाकडं बघत बसतोय?"

गुंडप्पानं पहार घातली. दोन मिनिटं बी लागली न्हाईत. दाराची एक फळी सुटून बाजूला झाली, अन् कुलूप कोयंड्यात जसंच्या तसं. महिनाभर मी जिच्या जिवावर ऐटीत हिंडलो ती माझी सुरक्षा एवढीच होती.

गलका ऐकून रेक्टरसाहेब आले. एका दमात त्यांना सगळं सांगितलं. उशिराच्या कारणाची चिठ्ठी लागेल म्हणून त्यांनी तिथंच उभ्या उभ्या चार ओळी उर्दूत लिहिल्या अन् हातात दिल्या. मी पळत सुटलो.

हॉलाच्या दारात पोचलो तेव्हा साडेअकराला पाच कमी. परीक्षेचे मुख्य साहेब हैदराबादचे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी चिठ्ठी मनात वाचली. दाढी हलायला लागली. मग त्यांनी ती सगळ्या हॉलाला मोठ्यानं वाचून दाखवली. मराठीत सांगायचं तर असं होतं: "या विद्यार्थ्याला उशीर झाला. आजार नाही, अपघात नाही. वसतिगृहाची सुरक्षा याच्याकडे आहे, आणि आज ती पूर्णपणे यशस्वी झाली."

हॉल हसला. शिवप्पाचा हात खिशाकडं गेला अन् तोंड पांढरंफटक पडलं. साहेब म्हणाले, "आव मियाँ, बैठो. पेपर होए तलक दरवाजा खुल्लाच रखतूं."

पास झालो, तेवढं सांगतो. पण साहेबांनी दार खरंच उघडं ठेवलं होतं. पेपर संपेपर्यंत कॉलेजाचे शिपाई, कारकून, पाणी भरणारी बाई, एकेक जण दारातनं आत डोकावायचा अन् हळूच विचारायचा, "ह्यातला सुरक्षा सेक्रेटरी कंचा?"

अन् हॉलातली सगळी पोरं लिहिता लिहिता डाव्या हातानं माझ्याकडं बोट दाखवायची.